मूठभर तांदूळ

यकृताच्या धमनीला फाटे फुटतात तिथे गाठीवरच्या उपचारासाठी सोडलेले आपले किरणोत्सारी मणी कोणत्या वाटेनं जातात, ते या आठवड्यात सांगणार होतो. ते पुढच्या खेपेला. मिरजेच्या एका निवृत्त गणित शिक्षकांचं पत्र आलंय, त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणं बरं नव्हे. ते विचारतात, ‘यकृतात किती किरणोत्सार मुरला हे संगणक फासे टाकून काढतो, असं तुम्ही सहज लिहून गेलात. रुग्णाच्या मात्रेत जुगार कसा चालेल?’

सर, जुगार चालतो. फासे कशाच्या भरवशावर टाकलेत, तेवढं बघावं लागतं.

या फाशांचा जन्मच मुळी आजारपणातला. 1946 साली स्टॅनिस्लॉ उलाम हा गणिती दुखण्यातून उठत होता आणि वेळ जात नाही म्हणून पत्त्यांचा पेशन्स लावत बसला होता. डाव सुटण्याची शक्यता किती, हे सूत्रानं काढायला गेला, ते जमेना. मग वाटलं, शंभर डाव लावावेत आणि सुटलेले मोजावेत. ही कल्पना त्यानं जॉन फॉन नॉयमन यांना सांगितली, आणि लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत न्यूट्रॉनच्या भटकंतीचा हिशेब त्या रीतीनं होऊ लागला. उलामचे एक काका उसने पैसे घेऊन माँटे कार्लोला जुगार खेळायला जात, म्हणून सहकारी निकोलस मेट्रोपोलिस यांनी पद्धतीला तेच नाव दिलं.

परवा नातीला हे समजावताना अंगणातल्या चौरस फरशीवर खडूनं चारही कडांना टेकणारं वर्तुळ काढलं. ज्वारी घरंगळते, म्हणून तांदूळ घेतले. दाणे विखरून टाकायचे, वर्तुळातले मोजायचे, त्यांना फरशीवरच्या एकूण दाण्यांनी भागायचं आणि चारनं गुणायचं. पाय (π) मिळायला हवा. पहिल्या 50 दाण्यांत 42 आत पडले: 3.36. नेटानं 500 पर्यंत गेलो तेव्हा 389 आत: 3.112. चूक दहापट कमी करायची तर दाणे शंभरपट लागतात, म्हणून हे काम संगणकाचं.

नातीला कंटाळा आला आणि तिनं मूठ फरशीच्या मधोमध रिकामी केली. सगळे दाणे वर्तुळात. पाय बरोबर चार! अशा हजार मुठी ओतल्या असत्या, तरी चारच आला असता.

आता यकृतात हेच बघा. काचेचा एक मणी 20 ते 30 मायक्रॉनचा, केसाहूनही बारीक. त्यात किरणोत्सारी इट्रियम-90, दर 64 तासांनी निम्मं उरणारं. संगणक एका इलेक्ट्रॉनची ऊर्जा फासा टाकून ठरवतो, दिशा ठरवतो आणि तो थांबेपर्यंत टकरा मोजत जातो. त्याची धाव सरासरी अडीच मिलिमीटर, फार तर 11 मिलिमीटर. मग पुढचा इलेक्ट्रॉन, असे कोट्यवधी.

एवढा खटाटोप करून, यकृताच्या पोटात खोलवर, उत्तर बहुतेक वेळा कागदावरच्या हिशेबाजवळच येतं. एक किलो यकृतात एक गिगाबेकरेल इट्रियम सगळीकडे सारखं पसरलं तर मात्रा सुमारे 50 ग्रे. इलेक्ट्रॉन फार लांब जातच नाही, आणि तो कुठून निघाला हे दाखवणारं चित्रही तितपतच धूसर असतं. फासे कामाला येतात ते श्वासपटलाखाली, जिथे यकृताला फुप्फुस लागून असतं. फुप्फुसाची घनता यकृताच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतकी, म्हणून तिथे तोच इलेक्ट्रॉन कितीतरी लांब धावतो.

तेव्हा सर, खोट असते ती दाणे ओतण्यात. मणी सोडण्याआधी टेक्नेशियम लावलेले प्रथिनांचे कण सोडून रंगीत तालीम होते, आणि मणी कुठे बसतील हे त्यावरून धरलं जातं. प्रत्यक्ष उपचाराच्या दिवशी कॅथेटरचं टोक थोडं जरी सरकलं तरी वाटणी बदलते, आणि फाशांना त्याचा पत्ताही नसतो.

फ्रान्समधल्या डोसिस्फिअर-01 या चाचणीत 60 रुग्ण होते. साधारण निम्म्यांना पूर्वापार ठोकताळ्यानं मात्रा दिली. उरलेल्यांना गाठीला किती आणि निरोगी यकृताला किती हे वेगवेगळं मोजून, गाठीला निदान 205 ग्रे पोचतील अशी. 2021 साली निकाल छापून आला: मध्यक आयुर्मान पहिल्या गटात 10.7 महिने, दुसऱ्यात 26.6. लहान चाचणी आहे, मान्य. पण त्यात माँटे कार्लो नव्हतंच. गाठ आणि यकृत यांची खाती वेगळी मांडली, एवढंच. माझं मत विचाराल तर फाशांआधी पैसा आणि डोकं या खात्यांवर खर्च करावं.

धमनीचे फाटे पुढच्या आठवड्यात, नक्की. सर, तोवर तांदळाचा प्रयोग करून आकडा कळवा. दाणे लांबून विखरून टाका, मूठ ओतू नका.