शहाण्या दिव्याचें रुसणें

विजेच्या दिव्यास आजवर एकच धनी ठाऊक होता, आणि तो म्हणजे भिंतीवरील बटण. बटण दाबलें कीं प्रकाश, पुन्हां दाबलें कीं अंधार, येवढाच त्याचा संसार. परंतु पुण्यामुंबईस नोकरीला असलेलीं मुलें दिवाळीस घरीं येतांना हल्लीं जे 'स्मार्ट' दिवे घेऊन येतात, त्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्या पोटांत प्रकाश देणाऱ्या एल्‌ईडीबरोबर एक चिमुकला संगणक आणि एक रेडिओही बसविलेला असतो. वायफायच्या लहरींवरून तो फोनचे हुकूम ऐकतो. किंवा घरांतील सर्व दिवे एका हुकमतीखालीं आणणारें जें मध्यवर्ती यंत्र बाजारांत 'हब' म्हणून मिळतें, त्याचे ऐकतो. ऐकतो, म्हणजे त्यानें ऐकावें अशी अपेक्षा असते. आमच्या जालना जिल्ह्यांतील परिचयाच्या कित्येक घरीं दिवा लावून झाला, फोन समोर धरला, आणि फोनवर एकच वाक्य उमटलें: 'उपकरण सापडलें नाहीं.' मग रजा संपवून मुलें परत जातात आणि दिवा फडताळांत जातो.

आमचें म्हणणें असें कीं, फडताळांत गेलेले हे दिवे बहुधा निर्दोष असतात. दोष असतो तो दिवा आणि हुकूम देणारा यांच्या मधल्या वाटेवर. ती वाट तपासण्यास संगणकाची पदवी लागत नाहीं. कारण ठरविण्याची जी अन्वय-व्यतिरेकाची रीत नैयायिकांनीं घालून दिली आहे, ती येथें पुरेशी आहे. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि काय होतें तें पाहावें. तोच दिवा दुसऱ्या होल्डरमध्यें लावून पाहावा. मग त्या होल्डरमध्यें दुसरा दिवा. मग घरच्या वायफायऐवजीं दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट. तरुण मंडळी करितात काय, तर राउटर बंद-चालू करणें, ॲप काढून टाकणें आणि दिव्याची स्मृति पुसणें हीं तिन्ही कृत्यें पांच मिनिटांत उरकतात. त्यानें कधीं कधीं काम होतेंही. पण कशानें झालें हें कळत नाहीं, म्हणून पुढच्या महिन्यांत पुन्हां तोच गोंधळ.

पहिला शोध बटणाचा घ्यावा. हुकूम ऐकण्यासाठीं हा दिवा सदैव जागा असावा लागतो, आणि जागें राहण्यास वीज हवी. आमच्या पिढीला मात्र लहानपणापासून एकच वळण: खोलींतून निघतांना बटण बंद. आजोबा निजण्यापूर्वीं घरभर फिरून सारीं बटणें बंद करितात, काकू देवघरांतून उठतांना सहज हात मारितात, आणि सकाळीं नातू फोन हातांत घेऊन दिव्यास हांका मारीत बसतो. वीजच नाहीं, तर ऐकणार कोण? आमच्या पाहण्यांत आलेलीं बहुतेक रुसणीं येथेंच उलगडलीं. यांत आजोबांस बोल लावणें आम्हांस मान्य नाहीं. त्यांची संवय काटकसरीची आहे आणि ती चांगली आहे. त्यांना हिशेब मात्र समजावून द्यावा. न पेटतां नुसता जागा राहणारा दिवा सुमारें अर्धा वॉट वीज खातो, म्हणजे वर्षाकाठीं साडेचार युनिटांच्या आंतच. नऊ वॉटचा साधा दिवा रोज पांच तास जाळला तर वर्षाला सोळा युनिटें होतात. हे आंकडे ऐकून बटणावरील हात आंवरतो, निदान आंवरावा. कांहीं घरीं बटणावर कागदाची पट्टी चिकटवितात. पण दहा माणसांच्या राबत्यांत ती फार दिवस टिकत नाहीं. त्यापेक्षां बोर्डांत बटणाच्या मागें बसणारें स्मार्ट यंत्र घ्यावें आणि दिवा साधाच ठेवावा. मग भिंतीवरील बटणही चालतें आणि फोनही. हें काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावें. अशा बहुतेक यंत्रांना बोर्डांत न्यूट्रलची तार लागते, आणि जुन्या वायरिंगमध्यें ती प्रत्येक बोर्डांत असतेच असें नाहीं.

बटण चालू असून दिवा सांपडत नसेल तर लहरींकडे वळावें. आजकालचे राउटर दोन पट्ट्यांवर बोलतात, 2.4 गिगाहर्ट्झ आणि 5 गिगाहर्ट्झ. पहिलीची लहर सुमारें साडेबारा सेंटिमीटर लांबीची, दुसरीची सुमारें सहा सेंटिमीटर. वायफायवर चालणाऱ्या बहुतेक दिव्यांना पहिली भाषा येते, दुसरी येत नाहीं. राउटर मात्र दोन्ही पट्टे एकाच नांवाखालीं चालवितो आणि फोन आपला वेग पाहून दुसऱ्यावर जाऊन बसतो. मग ओळखीच्या वेळीं दोघांची गांठ पडत नाहीं. राउटरच्या मांडणींत जाऊन 2.4 च्या पट्ट्यास वेगळें नांव द्यावें, आणि दिव्याची ओळख होईपर्यंत फोन त्यावर आणावा. एकदां ओळख झाली कीं फोन कोठेंही असला तरी चालतें. राउटरवर 'डब्ल्यूपीए-3' हें नवें कुलूप लावलेलें असेल तर पुष्कळ दिव्यांना तें उघडत नाहीं, 'डब्ल्यूपीए-2' ठेवावें. ॲपनें ब्लूटूथ आणि ठिकाण यांची परवानगी मागितली असतां घाईनें नाकारलेली नाहीं ना, हेंही पाहावें.

आतां भिंती. अंबड-घनसावंगीकडील जुनीं माळवदाचीं घरें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांना पांढऱ्या मातीच्या भिंतींची जाडी सांगावयास नको. उन्हाळ्यांत त्या घरास थंड ठेवितात. वायफायची लहरही तितक्याच निष्ठेनें अडवितात. राउटर ढाळजेंत आणि दिवा माजघरांत, मध्यें अशा दोन भिंती, तर दिव्याचा अपराध तो काय? प्रथम ढाळजेंतच टेबलाच्या दिव्याचा होल्डर घेऊन ओळख करून घ्यावी, मग दिवा जागेवर लावावा. तेथें गेल्यावर तो पुन्हां हरवला, तर दोष जागेचा हें सिद्ध झालें, आणि राउटर मध्यावर आणणें हाच उपाय.

हबवर चालणाऱ्या 'झिग्बी' जातीच्या दिव्यांची रीत थोडी निराळी. ते निरोप एकमेकांच्या कानीं पोंचवितात. त्यामुळें मधल्या खोलींतील दिव्याचें बटण कोणी बंद केलें तर पलीकडचा दिवा मुका होतो. हब राउटरला चिकटून ठेवूं नये, दोघे 2.4 च्याच पट्ट्यांत बोलत असल्यानें एकमेकांचा आवाज बुडवितात. तीन-चार हात अंतर असावें. केवळ झिग्बीचा दिवा हबावांचून वायफायवर येणारच नाहीं, म्हणून घेतांनाच खोक्यावरील अक्षरें वाचावींत.

आमच्या भागांत आणखी एक चमत्कार घडतो. या दिव्यांची स्मृति पुसून त्यांना नव्यानें ओळखीस तयार करण्याची युक्ति म्हणजे बटण ठराविक वेळां चालू-बंद करणें. कोणाचें तीन वेळां, कोणाचें पांच वेळां. वैशाखांत वळिवाच्या वाऱ्यानें वीज चार-पांच वेळां लागोपाठ ये-जा करिते, आणि दिव्यास वाटतें कीं धन्यानेंच स्मृति पुसण्याची आज्ञा दिली! सकाळीं पाहावें तों दिवा आपला लुकलुकत असतो. घरांतील वडील मंडळी यास भलतीं कारणें जोडतात. त्याची ओळख पुन्हां करून दिली कीं झालें. वीज परत आल्यावर दिवा क्षणांत जागा होतो, राउटरला मात्र दोनतीन मिनिटें लागतात; तेवढ्यांत दिवा 'हरवला' म्हणून त्याची स्मृति पुसूं नये. पांच मिनिटें थांबावें. राउटर इन्व्हर्टरवर घेतला तर हें दुखणें पुष्कळ कमी होतें.

रात्रीं दोन वाजतां वीज येऊन सर्व दिवे लख्ख पेटतात, हीही तक्रार ऐकूं येते. ॲपमध्यें 'वीज परत आल्यावर पूर्वस्थिति राखावी' अशी सोय बहुधा असते, आणि मुलें ती सरसकट लावून टाकतात. येथें आमचा आग्रहपूर्वक विरोध आहे. ही सोय लावलेली नसली तर वायफाय बंद पडलें तरी बटण एकदां बंद करून चालू केलें कीं दिवा पेटतो. ती लावली कीं बटणाची ही शेवटची सत्ताही जाते. अंबडकडील एका घरीं पहांटे चारला उठणाऱ्या ऐंशी वर्षांच्या आजी न्हाणीघराच्या वाटेवर बटण दाबीत अंधारांत उभ्या राहिल्या. दिवा फोनवरून मालविलेला, वायफाय बंद, आणि फोन नातवाजवळ पुण्यास. पडल्या नाहींत हें दैव. निजण्याच्या खोलींत पूर्वस्थिति खुशाल राखावी. जिना, बोळ, न्हाणीघर येथें दिवा बटणासरशीं पेटलाच पाहिजे. खरें म्हणजे तेथें साधाच दिवा असावा.

याच घरानें दुसरा प्रश्न पुढें आणिला: दिवा कोणाचा? दिवा ज्याच्या खात्यावर नोंदला तोच त्याचा धनी. नातू परदेशीं गेला, त्याचा फोन बदलला, संकेतशब्द विसरला, कीं घरचे दिवे पोरके. खात्यांतून न काढलेला दिवा दुसऱ्याच्या ॲपवर पुष्कळदां येतच नाहीं. म्हणून प्रथमच घरच्या दोन कर्त्या माणसांना, आणि त्यांतील एक नेहमीं घरीं असणारें, ॲपमध्यें सामील करून घ्यावें. राउटर नवा आला तर त्यास जुन्याचेंच नांव व जुनाच संकेतशब्द अक्षरशः द्यावा. सारे दिवे आपण होऊन परत येतात. ही येवढी गोष्ट न कळल्यामुळें एका घरीं अकरा दिवे एकेक करून जोडण्यांत रविवार गेल्याचें आम्हीं पाहिलें आहे.

कारखानदारावरही फार विसंबूं नये. अमेरिकेंतील इन्स्टिऑन या नांवाजलेल्या कंपनीनें 2022 च्या एप्रिलमध्यें पूर्वसूचनेवांचून आपली दूरची यंत्रें बंद केलीं, आणि हजारों घरांतील हब एका रात्रींत लुळे पडले. पुढें ग्राहकांपैकींच कांहीं जणांनीं ती कंपनी विकत घेऊन तीं पुन्हां चालूं केलीं, हा भाग वेगळा. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत निरनिराळ्या कारखान्यांचे दिवे एकाच हबशीं जुळावेत म्हणून 'मॅटर' नांवाचें सामाईक मानक जाहीर झालें. नवा दिवा घेतांना तें चिन्ह पाहून घ्यावें. अशा दिव्याबरोबर अकरा आंकड्यांचा एक संकेत येतो. तो दिव्याच्या अंगावर असला तरी उंच होल्डरमध्यें गेल्यावर वाचतां येत नाहीं, आणि खोक्यावरचा रद्दीबरोबर जातो. तेव्हां गॅसचें पुस्तक आणि विजेचीं बिलें ज्या पेटींत राहतात, तींत एक वही ठेवावी; दिवा लावण्यापूर्वीं तो संकेत, राउटरचें नांव आणि खातें कोणाचें हें शाईनें लिहून ठेवावें.