छोट्या कॉलेजातलं कम्प्युटर सायन्स

अमेरिकेत कम्प्युटर सायन्स शिकायचं तर मोठं विद्यापीठच हवं, लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणजे तडजोड, असं अनेक पालक धरून चालतात. कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमाँटचं हार्वी मड कॉलेज पाहिलं तर हा समज टिकत नाही. जेमतेम नऊशे विद्यार्थी, फक्त पदवीचं शिक्षण, आणि विज्ञानाच्या जोडीला मानव्यविद्या सक्तीच्या. 2006 च्या सुमारास तिथल्या प्राध्यापकांनी पहिल्या वर्षाचा प्रोग्रॅमिंगचा कोर्स नव्याने बांधला. जावाऐवजी पायथॉन आणली आणि शाळेतच कोडिंग केलेल्यांचा वर्ग वेगळा केला, म्हणजे नवखे त्यांच्यापुढे बुजणार नाहीत. हा मुख्य विषय घेणाऱ्यांत मुली तेव्हा 10 टक्क्यांच्या आसपास होत्या. काही वर्षांत हे प्रमाण 40 टक्क्यांवर गेलं. शिकवणारे मोजके असले की असे बदल समित्यांत अडकत नाहीत.

वैकल्पिक विषय कमी मिळतात, हा आक्षेप खरा आहे. क्लेअरमाँटमध्ये शेजारच्या चार कॉलेजांतले कोर्सही घेता येतात. ही सोय सगळीकडे नसते. पण अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टीम हा पाया कुठेही तोच. शिवाय पीएचडीचे विद्यार्थीच नसल्याने संशोधनात प्राध्यापकांच्या हाताखाली पदवीची मुलं येतात. शेवटच्या वर्षी ‘क्लिनिक’मध्ये त्यांचा गट एखाद्या कंपनीचा खराखुरा प्रश्न वर्षभर सोडवतो. मला जास्त वजनदार वाटते ती वेगळीच अडचण: विषयाला गर्दी झाली की मोजके प्राध्यापक पुरत नाहीत. तेव्हा माहितीपत्रकातल्या यादीवर न जाता, गेल्या दोन वर्षांत त्यातले कोणते कोर्स प्रत्यक्षात शिकवले, हे प्रवेशाआधी विचारून घ्यावं.