जखमी कोंबडी अन्न घेत नाही तेव्हा

इंदूरच्या सियागंजासारख्या पेठेत ज्यांचा नित्य वावर आहे, त्यांस वाहनाच्या दांडीला पाय बांधून उलट्या टांगलेल्या कोंबड्यांचे दृश्य अपरिचित नाही. प्राण्याला विनाकारण वेदना होतील अशा रीतीने त्याची ने-आण करणे हा १९६० च्या कायद्यान्वये गुन्हा आहे. परंतु कायदा पुस्तकात राहतो आणि कोंबडी दांडीला. त्यांतील एखादी सुटून चाकाखाली सापडते किंवा मांजराच्या तोंडी लागते, आणि कोणी दयाळू सभासद तिला उपरण्यात गुंडाळून घरी आणतो. जखम धुतली जाते, हळद लावली जाते, पुढे ज्वारीचे दाणे टाकले जातात. कोंबडी मात्र चोच लावीत नाही. दुसरा दिवस उजाडला, की घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, "तिने अन्नपाणी सोडले. आता तिला णमोकार ऐकवा आणि स्वस्थ असू द्या."

या समजुतीस आपल्या वाङ्मयात आधार नाही असे नव्हे. रविषेणाचार्यांच्या पद्मपुराणातील जटायू हा पक्षी असून मुनींच्या सान्निध्यात व्रते ग्रहण करतो. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या 'यशस्तिलक' ग्रंथात तर पिठाच्या कोंबड्याचा बळी दिल्याबद्दल यशोधर राजा व त्याची माता अनेक पशुयोनींतून फिरतात, आणि अखेरीस कोंबड्यांच्या जन्मी धर्मोपदेश ऐकून सावध होतात. तिर्यंचालाही व्रत घेता येते, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु या कथांत आधी उपदेश आहे, बोध आहे, आणि मग व्रत आहे. टोपलीत थरथरत बसलेल्या कोंबडीला ना गुरू भेटला, ना तिने संकल्प केला. तिचे न खाणे हे व्रत नसून वेदना, भीती, थंडी व तहान यांचा परिणाम होय. आणि या चारांवर उपाय करणे मनुष्याच्या हाती आहे. त्याग समजून तिला सोडून देणे म्हणजे, आमच्या मते, आपल्या आळसास धर्माचे नाव देणे होय.

कोंबडीच्या अंगची उष्णता स्वभावतःच सुमारे १०६ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्याहून बरीच अधिक असते. रक्तस्राव व धक्का यांनी ती उतरली, म्हणजे भूक मरते. म्हणून प्रथम ऊब द्यावी. खोक्यात किंवा टोपलीत जुने कापड पसरून एका अंगास कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवावी. दुसरे अंग मोकळे असावे, म्हणजे नकोसे झाल्यास तिला सरकता येईल. वर कापड टाकून अंधार करावा. मुलांनी दर घटकेस डोकावून पाहू नये. आपण करुणेने पाहत असतो, पण पक्ष्यास तो शिकाऱ्याचाच डोळा वाटतो.

अन्नाच्या आधी पाणी. कोंबडीच्या गळ्याखाली अन्नाची पिशवी असते. शरीरातील पाणी आटले असता त्यात गेलेले कोरडे दाणे पुढे न सरकता तेथेच आंबतात. आपल्या घरी गाळून उकळलेले पाणी असतेच. त्यात चिमूटभर मीठ व थोडी साखर घालून, कोमट असताना, त्याचे थेंब चोचीच्या कडेला लावावेत व ती आपण होऊन गिळेल तोवर थांबावे. चोच उघडून पाणी ओतणे ही घातक चूक होय. पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचे तोंड उघडे असते आणि पाणी थेट फुप्फुसात जाते.

पाणी पोटात राहिले, म्हणजे मऊ भात, भिजवलेली कणी किंवा काकडीचा गर पुढे ठेवावा. कोंबडी पिलांना बोलावताना दाण्याशी चोच आपटते. तसे बोटाने टकटक केल्यास पुष्कळदा ती मान वळवते. जाळीपलीकडे दुसरी शांत कोंबडी दाणे टिपत असल्यास उत्तमच, कारण एकीला खाताना पाहून दुसरीला खावेसे वाटते. दोघींस एकत्र मात्र ठेवू नये; उघड्या जखमेवरील रक्त पाहून इतर कोंबड्या टोचतात. हा सर्व प्रयत्न दिवसा करावा. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही व ती खात नाही. रात्रिभोजनत्यागाच्या बाबतीत तिने आपल्यापैकी काहींस मागे टाकले आहे!

प्रकृती सुधारते की ढासळते, हे पाहण्यास तराजू तर आपल्या घरचाच आहे. रोज सकाळी त्याच वेळी टोपलीसह वजन करून लिहून ठेवावे. तुऱ्याचा फिकेपणा पाहून रोग ओळखण्याची जुनी रीत आहे. पण झाबुआकडून येणाऱ्या कडकनाथ जातीच्या कोंबडीचा तुरा मुळातच काळपट असतो, तेथे ती रीत चालत नाही. छातीच्या मधल्या हाडावर बोट फिरवावे. हाड धारदार लागू लागले, तर मांस झडत आहे.

वजन उतरतच राहिले, अथवा जखम मांजराच्या दाताची असली, तर घरगुती उपाय पुरे. मांजराच्या दातांतून जंतू खोल जातात व त्यावर औषध लागतेच. दिरंगाई करू नये. महू येथे १९५५ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्या शहरापासून फार दूर नाही. नळीने अन्न घालणे हे तज्ज्ञाचेच काम. दिल्लीस लाल मंदिराच्या आवारात आपल्याच समाजाने पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय चालविले आहे. पण एकाच ठिकाणी अनेक कोंबड्या एकाएकी मरत असल्यास त्यांतली कोणतीही घरी आणू नये. पशुसंवर्धन खात्यास कळवावे.

इतके करूनही काही कोंबड्या वाचत नाहीत. तेव्हा मात्र बळेच भरवणे थांबवावे, ऊब कायम ठेवावी, पाणी चोचीच्या टप्प्यात असू द्यावे, आणि ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी णमोकार अवश्य म्हणावा. वडील मंडळींचे म्हणणे येथे योग्य ठरते. फक्त ते दुसऱ्या दिवशी नव्हे.

वाचलेल्या कोंबडीचा प्रश्न निराळा. तिचा मालक शोधीत आला, तर ती परत देणे म्हणजे खाटकाच्या हाती देणे, आणि न देणे म्हणजे परक्याचा माल ठेवून घेणे. अशा वेळी बाजारभावाने किंमत मोजून तिला पांजरपोळात पोहोचवावी. केवळ सोडविण्यासाठी बाजारातून पक्षी विकत आणण्याच्या आम्ही विरुद्ध आहो, कारण त्या पैशाने विक्रेता दुसऱ्या दिवशी दुप्पट पक्षी आणतो. परंतु दारी आलेल्या जिवाची गोष्ट वेगळी. ती रक्कम जीवदया खात्यावर टाकावी, दुकानखर्चात नव्हे.