छतावर सोलर, तरी लाईट गेली की दुकान अंधारात! बॅटरी घेण्याआधी हे समजून घ्या

भोर/वेल्हे : पावसाळ्यात फांदी तारेवर पडली की आपल्याकडे लाईट कधी येईल, याचा भरवसा नसतो. मेडिकलमधलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं, डेअरीचं दूध नासतं, हॉटेलातला डीप फ्रीझर पाझरायला लागतो. अशा वेळी छतावरचं सोलरही बंद पडतं.

सोलर बंद का पडतं?
नेट मीटरवरचा साधा सोलर इन्व्हर्टर महावितरणची लाईट गेली की आपोआप थांबतो. तुमच्या छतावरची वीज तारेत जाऊन खांबावरच्या वायरमनला शॉक बसू नये, म्हणून तो तसाच बनवलेला असतो. लाईट नसताना सोलर वापरायचं तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. हा इन्व्हर्टर दुकान बाहेरच्या तारेपासून तोडतो आणि आतल्या आत वीज देतो. भाटघर धरण पावसाचं पाणी उन्हाळ्यासाठी साठवतं, तशी बॅटरी दुपारची वीज रात्रीसाठी ठेवते.

सगळं बॅटरीवर टाकू नका
गरजेच्या उपकरणांचा बोर्ड वेगळा करून घ्या. फ्रीज, दिवे, बिलाचा कॉम्प्युटर, वायफाय बॅटरीवर ठेवा. गिझर, एसी, भातगिरणीची मोटर बाहेर ठेवा. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते. फ्रीजचा कॉम्प्रेसरही तसाच, म्हणून इन्व्हर्टर थोडा मोठा घ्या.

हिशोब असा करा
समजा गरजेचा लोड 800 वॅट आहे आणि 5 तास चालवायचा आहे. 800 गुणिले 5 म्हणजे 4000 वॅट-तास, म्हणजेच 4 युनिट. लिथियम बॅटरी साधारण 80 टक्के वापरता येते, म्हणून 5 युनिटची लागेल. साधी 12 व्होल्ट, 150 एएचची बॅटरी कागदावर 1.8 युनिटची असते. पण ती टिकवायची तर निम्मीच वापरायची. म्हणजे अशा निदान पाच लागतील.

बिलातही फायदा
केंद्राच्या 2023 च्या नियमांनुसार 10 किलोवॅटच्या वरच्या व्यावसायिक ग्राहकांना वेळेनुसार दर लागतात. उन्हाच्या तासांत दर किमान 20 टक्के कमी, गर्दीच्या तासांत किमान 1.2 पट. मोठं हॉटेल किंवा मंगल कार्यालय असेल, तर दिवसा चार्ज आणि संध्याकाळी वापर असं सेटिंग करता येतं. मात्र पावसाळ्यात सगळी बॅटरी बिल वाचवायला रिकामी करू नका. निम्मी तरी लाईट जाण्यासाठी राखून ठेवा.

पैसे देण्याआधी
- पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे, दुकानाच्या कनेक्शनला नाही.
- प्रत्यक्ष किती युनिट वापरता येतील आणि वॉरंटी किती, हे कोटेशनवर लिहून घ्या.
- जनरेटर असेल तर चेंजओव्हर नीट बसवून घ्या. त्याची वीज बाहेरच्या तारेत जाता कामा नये.
- बॅटरी कोरड्या, हवेशीर जागी ठेवा. जिन्याखाली किंवा गॅस सिलिंडरजवळ नको.

काम झालं की शेवटचा हप्ता देण्याआधी ठेकेदारासमोरच मेन स्विच बंद करा. फ्रीज चालू राहिला, तर जोडणी बरोबर आहे. बंद पडला, तर दुरुस्ती करून घ्या आणि मगच पैसे द्या.