लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलताना काय बघायचं?

मी दिल्लीत राहतो, त्यामुळे कॉम्प्युटरचं काही बिघडलं की पाय आपोआप नेहरू प्लेसकडे वळतात. पण बाजारात जायच्या आधी घरी काय करायचं, ते आज सांगतो.

माझ्या जुन्या लॅपटॉपची डिस्क मध्यंतरी टकटक आवाज करायला लागली. त्यात आईचे शेवटच्या वर्षातले फोटो होते आणि दुसरी कॉपी कुठेच नव्हती. म्हणून पहिली गोष्ट: असा आवाज आला की आधी सगळ्यात महत्त्वाच्या फाइली बाहेर काढा. विंडोज पुन्हा टाकून बघणं, डिस्क तपासत बसणं नको. अशी डिस्क जितकी चालवाल तितकं नुकसान वाढतं. फाइली निघतच नसतील तर लॅपटॉप बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा.

दुसरी गोष्ट, काय बसेल? जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा डिस्क असते. तिची जाडी बघा: काहींत साडेनऊ मिलिमीटरची बसते, पातळ लॅपटॉपमध्ये फक्त सातची. नव्यांत एम डॉट टू पट्टी असते. ती दिसायला सारखी, पण साटा वेगळी आणि एनव्हीएमई वेगळी. नुसत्या साटाच्या स्लॉटमध्ये एनव्हीएमई चालत नाही. पट्टीवर २२८० लिहिलं असेल तर रुंदी २२ आणि लांबी ८० मिलिमीटर.

तिसरी, फिरती डिस्क की एसएसडी? फिरती साधारण सेकंदाला १०० एमबी वाचते, साटा एसएसडी ५०० च्या वर. जुन्या लॅपटॉपला एसएसडीच घ्या. आणि १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसली तर घाबरू नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.

चौथी, पक्कं बिल घ्या आणि दुकानातच क्रिस्टल डिस्क इन्फो लावून 'पॉवर ऑन अवर्स' बघा. मला एकाने 'नवी, सीलबंद' म्हणून दिलेली एसएसडी ११,००० तास चाललेली निघाली. म्हणजे सव्वा वर्ष अखंड! तिथेच परत केली.

आईचे फोटो निघाले, चार सोडून. ते चार कायमचे गेले. आता प्रत्येक फोटो तीन ठिकाणी असतो. तुमचे किती ठिकाणी आहेत, ते आजच बघा. भेटू पुढच्या भागात.