नाव हरवलं तरी फाईल सापडते

मे महिन्यात वरोऱ्यात वादळ सुटलं की लाईट जाते आणि चालू कॉम्प्युटर जागीच बंद पडतो. लाईट आल्यावर बटण दाबावं, तर लिनक्स सुरूच होत नाही. काळ्या पडद्यावर कंसात ‘इनिट्रॅमएफएस’ एवढंच, आणि पुढे लुकलुकणारा कर्सर. सगळं गेलं का? बहुतेक वेळा नाही! का नाही, ते कळलं की थक्क व्हायला होतं.

लिनक्स ज्यात मोडतं त्या युनिक्सच्या घराण्यात प्रत्येक फाइलीची एक क्रमांक दिलेली नोंद असते, तिला इनोड म्हणतात. मालक कोण, आकार किती, मजकूर डिस्कवर कुठे कुठे ठेवलाय, सगळं तिच्यात. नसतं ते फक्त फाइलीचं नाव! ते राहतं फोल्डरच्या यादीत, इनोडच्या क्रमांकाशेजारी. कोणती जागा भरली, कोणती रिकामी, याचा नकाशा आणखी तिसरीकडे. दोन ठिकाणी लिहून झालं आणि तिसऱ्याआधी लाईट गेली, की मेळ बसत नाही.

मग तो बसवायचा कसा? जमिनीचे उतारे आठवा: सातबारा गटवार, आठ-अ खातेदारवार. जमीन तीच, नोंद दोन बाजूंनी, म्हणून तर तलाठ्याला चूक सापडते. एफएससीके हा प्रोग्राम असाच ताळा करतो. सगळे इनोड वाचून जागेचा नकाशा स्वतः नव्याने मांडतो आणि डिस्कवरच्या नकाशाशी ताडून पाहतो. फाइलींतला मजकूर तो वाचतही नाही! बेल लॅब्समधल्या टेड कोवाल्स्की यांनी तो १९७० च्या दशकात लिहिला. त्याआधी हे काम बरंचसं हातानेच करावं लागे.

इनोड शाबूत, पण नाव कुठल्याच यादीत नाही, अशा फाइलींचं काय? त्या ‘लॉस्ट प्लस फाउंड’ फोल्डरमध्ये जातात. नाव म्हणून इनोडचा क्रमांक. आणि या फोल्डरसाठी जागा आधीच राखून ठेवलेली असते, कारण बिघडलेल्या डिस्कवर नवी जागा शोधणंच धोक्याचं. केवढी ही दूरदृष्टी!

साऱ्या रचनेची माहिती असलेला सुपरब्लॉकच खराब झाला तर? त्याच्याही प्रती डिस्कभर पेरलेल्या असतात. चार केबीचे ब्लॉक असतील, तर पहिली प्रत ३२७६८ क्रमांकाच्या ब्लॉकवर.

मात्र चालू, म्हणजे माउंट केलेल्या डिस्कवर एफएससीके चालवू नका. त्यासाठी पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा. डिस्क खरखरत असेल तर आधी तिची पूर्ण प्रत काढा आणि दुरुस्ती त्या प्रतीवरच करा.