गावापुरता पैसा

मंदी म्हटली की दुकानात माल पडून असतो, कामाला माणसेही असतात. पण दोघांना जोडणारा पैसा हिंडेनासा होतो. अशा वेळी गावानेच आपल्यापुरते कागदी चलन काढल्याची उदाहरणे आहेत. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ती उद्बोधक वाटतील.

ऑस्ट्रियातील व्योर्गल या छोट्या गावाने १९३२ साली हा प्रयोग केला. महापौर उंटरगुगेनबर्गर यांनी बँकेत शिलिंग तारण ठेवून गावाच्या नोटा काढल्या व त्यांतून रस्त्यांची, पुलाची मजुरी दिली. दरमहा किमतीच्या १ टक्क्याचे तिकीट चिकटवल्याशिवाय नोट चालत नसे. त्यामुळे ती कोणी पेटीत ठेवीना. नगरपालिका कर म्हणून तीच नोट घेई, म्हणून दुकानदारही घेई. सप्टेंबर १९३३ मध्ये मध्यवर्ती बँकेच्या विरोधामुळे हा प्रयोग बंद पडला.

आपल्याकडे असा प्रसंग आला तो दुसऱ्या महायुद्धात. कारण मंदी नव्हे, चिल्लरीची टंचाई. लोकांनी नाणी दडवून ठेवली. तेव्हा जुनागड, मोरवी, नवानगर, बिकानेर अशा संस्थानांनी पैशा-आण्यांची कागदी कुपने छापली. आज हे कोणालाच करता येणार नाही. मागताक्षणी धारकाला पैसे देण्याची वचनचिठ्ठी काढण्यास रिझर्व्ह बँक कायदा, १९३४ च्या कलम ३१ ने रिझर्व्ह बँक व केंद्र सरकार यांखेरीज इतरांना मनाई केली आहे.

तरीही वचनाचा कागद आपल्या परिचयाचा आहे. मोड नसली की बसचा कंडक्टर तिकिटाच्या पाठीवर बाकी लिहून देतो. मराठी प्रवासी 'चिल्लर' म्हणतो, कन्नड प्रवासी 'चिल्लरे'. कागदावर विश्वास दोघांचाही सारखाच. मात्र तो कागद दुसऱ्या कोणाला देऊन चहा मिळत नाही. चिठ्ठी आणि चलन यांत फरक आहे तो इथे.

समजा, निपाणीने स्वतःच्या नोटा काढल्या. न्हावी, शिंपी, भाजीवाली यांच्यात त्या फिरतील. पण इथली तंबाखू बाहेर विकली जाते आणि दुकानातला बराच माल कोल्हापूरहून येतो. कागलपलीकडचा व्यापारी ती नोट का घेईल? गावचा पैसा गावातली कामे चालवील, पण गावाबाहेरची देणी फेडू शकणार नाही, हे मला त्याचे खरे मर्म वाटते. सीमाभागात तर ही मर्यादा पहिल्याच आठवड्यात जाणवेल.

आपल्या खिशातली नोट उलटून पाहावी. भाषांच्या पट्टीत तिची किंमत कन्नडमध्येही लिहिली आहे आणि मराठीतही. सीमेच्या दोन्ही बाजूंना तिचे मोल एकच; म्हणूनच आपला बाजार चालतो.